हातचं राखून काढलेला अंदाज

अंदाजाच्या बाबतीत परभणी जिल्हा पहिल्यापासून स्वयंपूर्ण आहे. लग्नाला पंगती किती उठतील, एसटी किती उशिरा येईल, अमक्याच्या घरात नवी सून किती दिवस गप्प बसेल, हे विचारायला इथं कोणाला कोणाच्या दारात जावं लागत नाही. त्यामुळं अंदाज काढून देण्याचा कोणी पगार देतं, ही गोष्ट काशीनाथरावांना पचायला बराच काळ गेला. त्यांची मुलगी स्वरदा पुण्याला होती, तेव्हा ते फोनवर हटकून विचारायचे.

"तू नेमकं काय करायलीस तिथं?"

"कंपनीनं काय करावं हे ठरवायला आकड्यांची मदत करते, अण्णा."

"आणि ठरवतं कोण?"

"साहेब."

"मग बराबर आहे," काशीनाथराव म्हणायचे. आपल्या नोकरीत आणि हिच्या नोकरीत फारसा फरक नाही, हे कळून त्यांना बरं वाटायचं.

पुढं त्या कंपनीनं माणसं कमी केली. किती कमी करावी लागतील याचा अंदाज स्वरदानंच काढून दिला होता. तो इतका अचूक निघाला की त्यात ती स्वतःही बसली. मग परभणीला आईवडिलांकडे येऊन तिनं मानवतच्या योगीराजशेठच्या जिनिंगमध्ये नोकरी धरली. हुद्दा तोच, बिझनेस अ‍ॅनालिस्ट. शेठना त्याचा अर्थ विचारायची गरज वाटली नाही. पूर्वी दारात जीप उभी असावी लागायची, तसं आता ऑफिसात असं एक माणूस असावं लागतं, एवढं त्यांनी ऐकलं होतं.

शेठची दोन जिनिंगं होती. मानवतचं मोठं, नवं. आणि जिंतूर रस्त्यावरच्या बोरीचं लहान, जुनं, जिथं कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनी इतक्या वर्षांच्या होत्या की त्यांचा आवाज ऐकून कोणती आजारी आहे ते गावातली पोरं सांगायची. काशीनाथरावांची सगळी नोकरी याच बोरीच्या वजनकाट्यावर गेली होती. निवृत्त झाले तरी एक मान त्यांच्याकडे राहिला होता. दसऱ्याला हंगाम उघडताना काट्याची पूजा होते, त्या पूजेचा नारळ बोरीत त्यांच्याच हातून फुटायचा. मॅनेजर कोणीही असो. त्या श्रावणात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना एकच शंका विचारली, "दसऱ्यापर्यंत पट्टी निघेल ना?"

पोळा झाला आणि योगीराजशेठनी स्वरदाला केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, औंदा आपल्या दोन्ही जिनिंगला मिळून कापूस किती येतो, तेवढा आकडा द्या. महालक्ष्म्या उठायच्या आत."

"कशासाठी लागतोय, शेठजी? म्हणजे त्याप्रमाणे काढते."

शेठनी दार लोटून घेतलं. "एकट्या मानवतच्या मशिनीतून हंगामाला चाळीस हजार क्विंटल निघतो. त्याच्या वर येणार असेल तर बोरी चालवू. आत असेल तर बोरीच्या मशिनी इकून टाकू. आदिलाबादचं गिऱ्हाईक येऊन बसलंय. पण हे चाळीसचं कुठं बोलू नका. बोरीच्या बाया माझ्या दारात येऊन बसतील, आणि मग मला खरंच ऐकावं लागंल त्यांचं."

स्वरदा बाहेर आली ती बोरीचाच विचार करत. बोरीत कापूस निवडायला पंचवीस-तीस बाया होत्या आणि त्यांची मुकादम कडूबाई होती. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की अण्णा स्वरदाला काट्यावर घेऊन जायचे, आणि कडूबाई तिला कापसाच्या ढिगावर झोपवून वर हाकाटी करायची, "ए, हळू टाका गं, हितं मुनीमजीची लेक वजनात जाईल." आता त्या सगळ्यांचं बरंवाईट एका आकड्यावर आलं होतं, आणि आकडा काढायचा होता लेकीनं.

अंदाज काढायच्या चार पद्धती तिला येत होत्या. पहिली, वरून खाली. सगळ्या जिल्ह्याचा कापूस धरायचा आणि त्यात शेठचा वाटा किती असतो ते मागच्या सालावरून लावायचं. पण मागच्या साली बोरीची मोठी मोटार जळाली होती आणि अर्धा कापूस दुसऱ्यांकडे गेला होता. दुसरी, हिशोबाची. बियाण्याची पाकिटं किती खपली, त्यावरून एकर, एकरावरून उतारा. ती बोरीच्या बियाण्याच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "पाकिटं लय गेली, मॅडम. एकदा पेरलं, पावसानं ओढ दिली, पुन्हा पेरलं. पाकिटावरून काढाल तर आमच्या गावात माणसाला उभं राहायला जागा उरायची न्हाई."

तिसरी, खालून वर. गावोगाव हिंडायचं, घरोघर विचारायचं, आणि बेरीज करत वर यायचं. हीच खरी पद्धत होती. हे तिला तेव्हाही माहीत होतं. वेळ कमी होता, पण निम्मी गावं झाली असती, आणि निम्म्या गावांनीही पुष्कळ सांगितलं असतं. तिनं बुटांना चिखल लागेल म्हणून जुने बूट काढूनही ठेवले होते. ते बूट पट्टी नसलेल्या डोळ्यानं पाहून काशीनाथराव म्हणाले, "खामखा चिखलात कशाला हिंडतीस? आश्रुबा आहे, मुंजाजी आहे, मी आहे. त्या भागातला कापूस आम्हा तिघांच्या हाताखालून गेलाय. आम्हाला विचार की."

आश्रुबा बोरीच्या आजूबाजूच्या खेड्यांतून कापूस विकत घेऊन जिनिंगला आणायचा. मुंजाजी बोरीच्या मशिनींचा फिटर. कापूस पाहून तो मशिनीला किती दिवस पुरेल, हे सांगायची त्याला सवय होती. आणि चौथी पद्धत नेमकी अशाच माणसांची होती. तिचं नाव डेल्फी. जाणकार निवडायचे, प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचं. कोणी काय सांगितलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. आकडा कशाला हवाय तेही सांगायचं नाही, नाहीतर माणूस आकडा सोडून इच्छा सांगायला लागतो. मग सरासरी काढायची, ती सगळ्यांना दाखवायची, आणि पुन्हा विचारायचं. ही पद्धत ज्यानं शोधली त्यानं मराठवाड्यात कोणाकडे चहा घेतलेला नसावा.

स्वरदानं ती निवडली, त्याला आणखी एक कारण होतं. बोरी चालावी असं तिला इतकं वाटत होतं की तिचा स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. गावोगाव हिंडताना आपण 'बरा आहे कापूस' हे 'लय आहे' असं ऐकू, ही तिला भीती. डेल्फीत तिचा हात कुठंच लागणार नव्हता. जुने बूट तिनं पुन्हा कपाटावर ठेवले.

मानवतच्या ऑफिसातून तिनं दोघांना फोन केले आणि घरी अण्णांना वेगळं बसवून सांगितलं. तिघांनाही बजावलं, दुसऱ्याशी या विषयावर बोलायचं नाही. तिघांनीही शब्द दिला.

त्या शनिवारी दुपारी ती मानवतहून घरी आली, तर दारात दोन अनोळखी चपला. एक टायरच्या तळाची, एक नवी, कोल्हापुरी. आत आश्रुबा आणि मुंजाजी. कोपऱ्यात मुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी. ती उंबऱ्यात आली आणि बोलणं बंद झालं.

"काय गप्पा चालल्यात?"

"काय न्हाई," मुंजाजी पंख्याकडे बघत म्हणाला. "मुनीमजीचा डोळा बघायला आलो."

"मग काय, दिसला का?"

"दिसला की. लय झकास बसवलाय."

"बसवला नाही रे, आतलं भिंग बदललंय," काशीनाथराव म्हणाले. "तू काय मशीन समजतोस का."

"मशीनच हाय, मुनीमजी. आमच्या तीन नंबरला असंच भिंग पायजे हुतं."

स्वरदा हसली. आजाऱ्याला भेटायला माणसं येतात, त्यात नवल कसलं. तिनं आईला उठू दिलं नाही. स्वतः चुरमुरे भिजवून, वर दाण्याचं कूट टाकून सुशीला केला, चहा ठेवला आणि तिघांच्या पुढं नेऊन ठेवला. कप देताना तिला राहवलं नाही.

"आश्रुबामामा, उद्यापर्यंत कळवाल ना? आणि ते आपसांत..."

"छ्या, ताई," आश्रुबा म्हणाला. "ह्या मुंजाजीला बी इचारलंय, हे मला आत्ता तुमच्या तोंडून कळायलंय."

"आमी तर त्या विषयाला शिवलो बी न्हाई," मुंजाजी म्हणाला, आणि सुशीला आणखी मागितला.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. आश्रुबा, अडतीस हजार दोनशे. मुंजाजी, सदतीस हजार नऊशे. अण्णा, अडतीस हजार.

स्वरदानं नियमाप्रमाणं सरासरी काढून पुन्हा विचारलं. तिघंही आपापल्या आकड्यावर ठाम. तिनं आणखी एक करून पाहिलं. प्रत्येकानं एकाऐवजी तीन आकडे सांगावेत, कमीत कमी किती, बहुतेक किती, जास्तीत जास्त किती. यामुळं माणसाच्या मनात किती धाकधूक आहे ते उघडं पडतं. तिनं मुंजाजीपासून सुरुवात केली.

"ताई," मुंजाजी फोनवर म्हणाला, "तीन आकडे कोण सांगतो? ज्याला एक बी ठाव न्हाई त्यो."

तिला ते पटलं. पुस्तकात लिहिलं होतं, जाणकारांचं मत जवळ जवळ आलं की अंदाज पिकला असं समजावं. इथं तर पहिल्याच फेरीत पिकून टपकायला आलं होतं. मनात एक बारीक शंका आली, नाही असं नाही. पण आकडा चाळीसच्या आत होता. तिला हवा होता त्याच्या उलट. आपल्याला नको असलेला आकडा खराच असणार, असं प्रामाणिक माणसांना उगीचच वाटतं.

शेठनी कागद पाहिला. "अडतीस. बरं."

एवढंच झालं. महालक्ष्म्या उठल्या, पितृपंधरवडा लागला. पितरांच्या दिवसांत कोणी वस्तू विकत घेत नाही, म्हणून आदिलाबादचं गिऱ्हाईक घटस्थापनेची वाट बघत थांबलं. त्या दिवसांत कडूबाईचा फोन आला.

"ताई, औंदा लवकर सुरू व्हायचं का जिनिंग? गंगाखेडाकडच्या उसाचा टोळीवाला आलाय. सहा-सात बाया जायचं म्हणायल्यात. मी म्हणलं थांबा, मुनीमजीची लेक आता हापिसात हाय, तिला इचारते."

स्वरदाच्या तोंडाशी आलं होतं. जाऊ द्या त्यांना. तीनच शब्द होते. पण शेठला शब्द दिला होता, आणि पुण्याच्या साहेबांनीही तिला हेच शिकवलं होतं, की निर्णय जाहीर होईपर्यंत आकडा हे गुपित असतं.

"कळवते, मावशी," ती म्हणाली.

"बरं बरं. मग थांबवते मी समद्यांला."

टोळी भरली आणि गेली. घटस्थापनेनंतर दोन ट्रक बोरीत आले आणि मशिनी चढवून घेऊन गेले. मुंजाजी प्रत्येक मशिनीबरोबर ट्रकपर्यंत गेला. लेक सासरी जाताना कुठं दुखतं-खुपतं ते सांगावं, तसं त्यानं आदिलाबादच्या माणसाला सांगितलं, तीन नंबरला सकाळी आधी पाच मिनिटं मोकळं फिरवा, लगेच कापूस घालू नका. लोखंडी काटाही उचलला गेला. मागं चौकोनी खड्डा राहिला.

बातमी काशीनाथरावांनी ऐकली तेव्हा पट्टी निघालेली होती. ते स्वरदाला म्हणाले, "शेठजींना आकडा दिला होतास ना तू? आमचा?"

"दिला होता."

"मग?"

"त्यांनी पाहिला, अण्णा."

"पाहूनही असं करतात," ते म्हणाले, आणि शेठ या जातीबद्दल एक लहानसं भाषण केलं. त्या दसऱ्याला त्यांनी सकाळीच काळी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. कोणी बोलवायला येणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. दुपारच्या जेवणाला हाक मारली तेव्हा त्यांनी ती काढून खुंटीला लावली. स्वरदानं पाहिलं. तिनं पानात पुरणपोळी वाढून घेतली आणि कशीतरी संपवली.

मग कापूस यायला लागला. दिवाळीपर्यंत रोजच्यासारखा, आणि दिवाळीनंतर अंगावर धावून यावा तसा. उशिरा पेरलेल्यानंही बोंडं धरली होती. मानवतला आवारात ढीग मावेनात, ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत उभे. संक्रांतीच्या आधीच अठ्ठेचाळीसचा आकडा मागं पडला, आणि अजून दोन वेचण्या शेतात होत्या. वाढीव कापूस शेठनी दुसऱ्यांच्या जिनिंगमधून काढून घेतला. स्वरदा राजीनाम्याचा कागद तयार करून केबिनमध्ये गेली.

"हे कशापायी?" शेठ म्हणाले.

"माझा अंदाज चुकला, शेठजी."

"चुकला, पण कोणत्या अंगानं चुकला ते बघा की. कमी धरला आणि जास्त आला. लोक याला बरकत म्हणतात. जास्त धरून कमी आला असता, मग मी तुमाला कागद मागितला असता." त्यांनी कागद परत दिला. "पगार वाढवायचा इचार हाय माझा. बसा, चहा घ्या."

चूक करून शिव्या खाल्ल्या असत्या तर तिला झोप लागली असती. इथं शाबासकी मिळाली होती. नुकसान फक्त बोरीचं झालं होतं, आणि बोरीचं कोणी कोणत्याच आकड्यात धरलं नव्हतं.

मध्यंतरी ती एकदा बोरीला जाऊन आली. कडूबाई कोणाच्या तरी शेतात वेचणीला होती. कमरेला ओटी बांधलेली, ओटीत कापूस. स्वरदाला वाटलं, ही आता बोलेल, आणि बोलावंच हिनं. कडूबाईनं तिला बांधावर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "तुला तिथं तरास तर न्हाई ना कुणाचा?"

भोगीच्या दिवशी स्वरदाची आई, हेमाताई, स्वयंपाकघरात हरभऱ्याचे घाटे सोलत बसल्या होत्या. स्वरदा समोर येऊन बसली आणि घाटे सोलायला लागली. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "एक माणूस चुकतो ते कळतं गं. पण तीन जाणकार, तीन वेगळी माणसं, आणि तिघं एकाच जागी चुकतात?"

"चुकतील कशाला," हेमाताई म्हणाल्या. "ठरवलं होतं त्यांनी."

स्वरदाचा हात थांबला.

"अगं, त्या दिवशी नाही का आले होते दोघं. तूच सुशीला केलास. मुंजाजीनं आश्रुबाला फोन केला होता, म्हणे, ताईनं कुणाला सांगू नको म्हणलंय, म्हणून तुला एकट्यालाच सांगायलोय. मग आश्रुबा म्हणाला, तीन माणसं तीन तोंडानं बोलली तर पोरीचं हापिसात हसं होईल. नवी नोकरी. म्हणून आले दोघं ह्यांच्याकडं, की मुनीमजी, तुमी आकडा बोला, आमी त्याच्या आजूबाजूला ऱ्हातो."

"आणि अण्णा बोलले."

"बोलले. अडतीस म्हणाले. ह्यांच्या तोंडातून निघाल्यावर ते दोघं कशाला पुढं बोलतात. पायऱ्या उतरताना मात्र आश्रुबा म्हणत होता, पन्नास तर कुठं गेला न्हाई. आणि मुंजाजी म्हणाला, पंचेचाळिसाच्या खाली गेला तर मिशी काढून टाकतो. मी तुळशीला पाणी घालत होते."

"अण्णांच्या मनात किती होता?"

"अठ्ठेचाळीस. जेवताना मला म्हणाले. पण सांगताना दहा हातचे राखले. त्यांचं असतंच तसं. कमी बोलावं, जास्त आला तर देवाची कृपा, कमी आला तर आपला शब्द राहतो. लग्नात माझ्या वडलांना त्यांनी पगारसुद्धा कमीच सांगितला होता. दुसरं स्थळ असतं तर हातचं गेलं असतं."

"पण आई, तिघांचे आकडे सारखे नव्हते. दोनशे वर, शंभर खाली..."

"ते मी सुचवलं," हेमाताई म्हणाल्या. "म्हटलं, सगळ्यांनी एकच सांगितला तर तिला संशय येईल. लहानपणापासून हुशार आहेस तू."

पन्नास, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. सरासरी काढायला स्वरदाला कागद लागला नाही. तिघांना खरोखर वेगवेगळं विचारलं असतं, त्यांना चहा देऊन निघून जाण्याऐवजी दहा मिनिटं तिथंच बसली असती, निदान त्या कपाटावरचे बूट घातले असते, तर आज बोरीत तीन नंबरची मशीन सकाळी पाच मिनिटं मोकळी फिरली असती. माझा हात लागू नये म्हणून मी ही पद्धत निवडली, तिच्या मनात आलं, आणि सगळ्या घराचे हात लागले. सगळे मायेचे.

अण्णांना सांगायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. त्यांच्या लेखी शेठनं आकडा पाहिला आणि तरी बोरी बंद केली. शेठचं काही बिघडत नव्हतं त्यात. शेठ लोकांना त्याची सवय असते.

पण काशीनाथराव काट्यावरचा माणूस. वजन डोळ्यांपुढून गेलं की ते मनात कुठंतरी मांडून ठेवायचे आणि सवडीनं ताडून बघायचे. फाल्गुनात एका सकाळी ते वरांड्यात पेपर वाचत बसले होते, नव्या डोळ्यानं, चष्म्याशिवाय. स्वरदा डबा घेऊन निघाली होती.

"जरा बस," ते म्हणाले.

ती पायरीवर बसली.

"मानवतला चाळीस हजार निघतो. नवं जिनिंग बांधलं तेव्हा कितीचं बांधावं, ते शेठनी मलाच विचारलं होतं."

स्वरदानं डबा मांडीवर घेतला.

"म्हणजे चाळीसवरून ठरलं असणार."

"नाही, अण्णा. शेठजींचं आधीच ठरलं होतं. आकडा आपला नावाला."

काशीनाथरावांनी पेपराची घडी केली, मग पुन्हा उलगडली. "खोटं बोलताना तू डब्याचं झाकण बघतीस. शाळेपासूनची सवय." मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "दोनच हजार कमी पडले. मी दहा राखले, त्यातले दोन सोडले असते तरी..."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू सांगितलं नाहीस."

"सांगायचं नसतं. पद्धत आहे तशी. कशासाठी विचारतोय ते कळलं की माणूस खरं सांगत नाही."

"आणि नाही कळलं की?"

यावर पुस्तकात काही नव्हतं.

"किती येईल, किती येईल," काशीनाथराव म्हणाले. "किती विचारलं की माणूस घाबरतो गं. तू मला एवढंच विचारायचं होतंस, अण्णा, औंदा बोरी लागेल का?"

"मग काय म्हणाला असतात?"

"लागेल म्हणालो असतो. त्यात काय हातचं राखायचं."

रिक्षा येऊन थांबली होती. ती उठली. "आश्रुबाला आणि मुंजाजीला कळू देऊ नको," ते मागून म्हणाले. "त्यांनी माझा शब्द ठेवला बिचाऱ्यांनी."

पुढच्या पावसाळ्यात स्वरदानं कपाटावरचे बूट काढले आणि गावोगाव हिंडून, घरोघर विचारून, खालून वर आकडा आणला. प्रत्येक घरी तीन आकडे विचारले आणि कशाला विचारतेय तेही सांगितलं. अंदाज चांगला होता. त्यावर ठरवण्यासारखं मात्र काही उरलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी काशीनाथरावांनी टोपी घातली आणि म्हणाले, "जिंतूरच्या गाडीत बसू." कशाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. बोरीच्या फाट्यावर उतरून दोघं चालत जिनिंगपर्यंत गेले. फाटकाला कुलूप होतं, पण शेजारची भिंत पडलेली. आत काट्याच्या चौकोनी खड्ड्यात गवत माजलं होतं, आणि खड्ड्याच्या काठावर मुंजाजी उकिडवा बसला होता. त्याच्या पुढं एक नारळ.

"तू कसा काय इथं?" काशीनाथराव म्हणाले.

"काय न्हाई. हिकडं काम हुतं."

काशीनाथरावांनी पिशवीतून स्वतःचा नारळ काढून काठावर ठेवला. मग हळदीकुंकवाची पुडी. इतक्यात भिंतीपलीकडे मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला आणि पडक्या जागेतून आश्रुबा आत आला. हातात झेंडूची माळ आणि बगलेत नारळ. तिघांना बघून तो थबकला.

"डोळा बघायला आलो," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. काशीनाथरावांनी वाकून खड्ड्याच्या चारी काठांना कुंकू लावलं. आश्रुबानं माळ गवतावर सोडली. स्वरदा थोडी मागं उभी होती. तिनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कोणी कोणाला फोन केलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

नारळ फोडायला दगड शोधताना आश्रुबा म्हणाला, "आधी बोलायचं तरी एकमेकांला. एका नारळात भागलं असतं की."

"नको," काशीनाथराव म्हणाले. "हे असंच बरं आहे."